कॉन्व्हेंटमध्ये घालण्याआधी: कॅथलिक प्राथमिक शाळा मुलाकडे कसं पाहते

दिवाळीची सुट्टी संपली की गिरगावातल्या आमच्या इमारतीतली कुणीतरी तरुण आई मला जिन्यात गाठते. "काकू, कॉन्व्हेंटचे फॉर्म कधी निघतात हो? तुम्ही तिकडेच होतात ना शिकवायला?" तिकडे म्हणजे एका कॅथलिक शाळेच्या प्राथमिक विभागात. तिथे मी 22 वर्षं मराठी शिकवलं. फॉर्मचं सांगून झालं की मी तिला विचारते, कॉन्व्हेंटच का? उत्तर बहुतेक वेळा दोन शब्दांत येतं: इंग्रजी आणि शिस्त.

दोन्ही हव्याशाच गोष्टी आहेत. पण ज्या विचारातून ही शाळा उभी राहिली, त्यात या दोन्ही गोष्टींचा नंबर बराच खाली लागतो. वरचे नंबर कशाचे, हे पालकांना कुणी सांगत नाही. शाळेच्या डायरीच्या पहिल्या पानावर ध्येय-उद्दिष्टं छापलेली असतात, पण ती इतक्या जड इंग्रजीत असतात की सही करून पान उलटलं जातं. त्या पानाचा अर्थ मला जसा उमगला तसा सांगते. मी स्वतः ख्रिस्ती नाही. जे समजलं ते तिथे काम करता करता, विचारून आणि वाचून.

आधी ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाचा उलगडा करू. कॉन्व्हेंट म्हणजे धर्मभगिनींचा मठ, त्यांचं राहण्याचं घर. मठाच्या आवारात मुलींच्या शाळा निघाल्या आणि मठाचं नाव शाळेला चिकटलं. आता गल्लीतली दोन खोल्यांची नर्सरीही स्वतःला कॉन्व्हेंट म्हणवते. प्रत्येक ख्रिस्ती शाळा कॅथलिक असते, हाही गैरसमजच. माहीमची बॉम्बे स्कॉटिश स्कॉटलंडच्या प्रॉटेस्टंट परंपरेतली, फोर्टातली कॅथीड्रल अँड जॉन कॉनन अँग्लिकन परंपरेतली. कॅथलिक शाळा रोमच्या पोपना मानणाऱ्या ख्रिस्तसभेच्या. त्यातही घराणी आहेत. काही शाळा त्या त्या भागातल्या चर्चला, म्हणजे धर्मग्रामाला, जोडलेल्या असतात आणि त्यांचा कारभार मुंबई महाधर्मप्रांताचं शिक्षण मंडळ बघतं. काही धर्मगुरूंच्या संघांच्या आहेत: माझगावची सेंट मेरीज (1864) आणि धोबीतलावची सेंट झेवियर्स (1869) जेझुइटांच्या, माटुंग्याची डॉन बॉस्को सेल्शियनांची. काही धर्मभगिनींच्या आहेत: माहीमची कनोसा ही माग्दालेना कनोसा यांनी इटलीतल्या व्हेरोना गावी 1808 साली स्थापन केलेल्या संघाच्या भगिनींची. प्रत्येक घराण्याची गायकी निराळी, पण सूर एकच लावलेला असतो.

तो सूर म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर. समोर बसलेलं हे मूल कोण आहे?

कुठल्याही शाळेचं तत्त्वज्ञान शेवटी या प्रश्नाच्या उत्तरात असतं. मूल म्हणजे उद्याचा नोकरदार असं उत्तर असेल तर शाळा एका प्रकारची होते. मूल म्हणजे कोरी पाटी असं असेल तर दुसऱ्या प्रकारची. कॅथलिक विचाराचं उत्तर बायबलच्या पहिल्या प्रकरणातून येतं: देवाने माणूस आपल्या प्रतिमेप्रमाणे घडवला. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाची किंमत त्याने मिळवायची नसते, ती घेऊनच ते वर्गात येतं. मार्क कमी पडले म्हणून ती घटत नाही आणि पहिला नंबर आला म्हणून वाढत नाही. वारीत समोर येईल त्याच्या पाया पडणाऱ्या वारकऱ्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. नाव वेगळं, गाव वेगळं, पण माणसात देव पाहायची सवय तीच.

आता याचा शाळेशी संबंध कसा जोडला गेला? रोममध्ये 1962 ते 1965 या काळात जगभरच्या बिशपांची मोठी परिषद भरली होती, दुसरी व्हॅटिकन परिषद. तिने 28 ऑक्टोबर 1965 रोजी शिक्षणावर एक छोटं घोषणापत्र काढलं. आजही कॅथलिक शाळा ज्या पायावर उभ्या आहेत तो बराचसा त्यात आहे. त्यातल्या तीन गोष्टी पालकांनी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. शिक्षण हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे, मग तो कुठल्याही वंशाचा, स्थितीचा असो. मुलाची बुद्धी, शरीर आणि नीती या तिन्हींची वाढ एकमेकींच्या मेळाने व्हायला हवी. आणि मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक त्याचे आईवडील आहेत, शाळा त्यांच्या मदतीला आहे.

ही तिसरी गोष्ट ऐकून बऱ्याच आया चमकतात. त्यांना वाटत असतं की कॉन्व्हेंटमध्ये घातलं म्हणजे मूल त्यांच्या स्वाधीन केलं, आता ते घडवतील. शाळेचं स्वतःचं म्हणणं नेमकं उलट आहे. पालकसभेला बोलावलं जातं ते प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला, असं निदान कागदावर तरी नाही. घर आणि शाळा मिळून एक समाज आहे, असं ही मंडळी मानतात.

1977 साली व्हॅटिकनच्या शिक्षण विभागाने आणखी एक पत्रक काढलं. त्यात शाळेचं काम एका वाक्यात आहे: श्रद्धा आणि संस्कृती यांची सांगड, श्रद्धा आणि जगणं यांची सांगड. संस्कृती म्हणजे इथे सणवार नव्हे. माणसाने आजवर कमावलेलं सगळं ज्ञान, म्हणजे विज्ञान, गणित, भाषा, कला. ऐकायला भारी वाटतं म्हणून वर्गातलं उदाहरण देते.

माझी एक सहकारी चौथीला परिसर अभ्यास शिकवायची. पाण्याचा पाठ आला की ती मुलांना आदल्या दिवशी घरातल्या बादल्या मोजून यायला सांगे. आंघोळीला किती, कपड्यांना किती, गाडी धुवायला किती. दुसऱ्या दिवशी फळ्यावर बेरीज, म्हणजे गणित झालं. मग बाष्पीभवन, ढग, पाऊस, म्हणजे विज्ञान. मग नकाशा: मुंबईला पाणी येतं ते तानसा, वैतरणा, भातसा या धरणांतून, त्यातली तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यातली. इथवर कुठलीही चांगली शिक्षिका पोचली असती. ही पुढे जायची. ती सांगायची की त्याच शहापूर तालुक्यात काही पाड्यांवर मे महिन्यात टँकर येतो. वर्ग गप्प व्हायचा. एखादा मुलगा हमखास विचारायचा, "टीचर, धरण त्यांचं आणि पाणी आपल्याला?" ती उत्तर देत नसे. तास संपताना सगळे उभे राहून पाण्यासाठी देवाचे आभार मानत आणि त्या पाड्यांवरच्या लोकांसाठी प्रार्थना करत. पाठ्यपुस्तकातल्या माहितीपासून दुसऱ्याच्या घागरीपर्यंत मुलाचं मन पोचवायचं, यालाच ते सांगड म्हणतात. पाण्याच्याच नव्हे, कुठल्याही पाठाला हे करता येतं, पण पन्नास-साठ मुलांच्या वर्गात आणि पस्तीस मिनिटांच्या तासात ते रोज होत नाही, हेही खरंच.

शिस्तीचं आता बघू, कारण बहुतेकांना तीच हवी असते.

शिस्तीचा कॅथलिक विचार समजायचा तर डॉन बॉस्को यांच्याकडे जावं लागतं. डॉन म्हणजे इटलीत धर्मगुरूला लावायची आदरार्थी उपाधी. जॉन बॉस्को 1815 साली जन्मले आणि तुरीन शहरात त्यांनी काम केलं. तेव्हा तिथे गावांतून कामासाठी आलेली, बांधकामावर राबणारी, रस्त्यावर झोपणारी पोरं होती आणि त्यातली कित्येक तुरुंगात पोचलेली होती. तुरुंगात त्यांना भेटून डॉन बॉस्कोंना वाटलं की या मुलांना बाहेर वेळीच कुणी आपलं माणूस भेटलं असतं तर ती इथे आली नसती. त्यातून त्यांची ‘प्रतिबंधक पद्धत’ आली. 1877 साली त्यांनी ती थोडक्यात लिहूनही ठेवली. त्यांनी शिस्तीच्या दोन तऱ्हा सांगितल्या. एकीत नियम जाहीर करायचे, मग लांबून नजर ठेवायची आणि मोडणाऱ्याला पकडून शिक्षा करायची. दुसरीत नियम सांगायचे आणि मग मुलांच्या बरोबरच राहायचं, इतकं जवळ की चूक होण्याआधी हात धरता येईल. तिचे तीन खांब: समजुतीने पटवणं, धर्म आणि जिव्हाळा. मुलांवर नुसतं प्रेम असून भागत नाही, ते प्रेम मुलांना कळलं पाहिजे, असं त्यांचं सांगणं होतं.

म्हणून डॉन बॉस्कोंनी काढलेल्या सेल्शियन संघाच्या खऱ्या शाळेत मधल्या सुट्टीत फादर आणि शिक्षक मैदानावर दिसतात. ते गस्त घालत नाहीत, खेळत असतात. छडी, कोंबडा, वर्गाबाहेर उभं करणं याला आपल्याकडे सर्रास ‘कॉन्व्हेंटची शिस्त’ म्हणून वाखाणलं गेलं. डॉन बॉस्कोंच्या हिशेबात ती पहिल्या तऱ्हेची, म्हणजे त्यांनी नाकारलेली शिस्त आहे. "आमच्या वेळच्या सिस्टर कसल्या कडक होत्या" असं कौतुकाने सांगणाऱ्या पालकांना मी हे आवर्जून सांगते.

जेझुइटांची वाट थोडी वेगळी, जास्त अभ्यासाकडे वळलेली. त्यांनी 1599 साली आपल्या शाळांसाठी सविस्तर अध्यापन-योजना तयार केली होती. वर्ग कसे चढायचे, उजळणी कशी करायची, सगळं त्यात होतं. पण त्यांच्या शाळांत आज जास्त ऐकू येतो तो एक लॅटिन शब्दप्रयोग, ‘क्युरा पर्सोनालिस’, म्हणजे प्रत्येकाची त्याच्यापुरती काळजी. आणि त्यांचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी 1973 साली माजी विद्यार्थ्यांसमोर मांडलेलं ध्येय: आमच्या शाळांतून ‘इतरांसाठी जगणारी माणसं’ बाहेर पडली पाहिजेत. ते ऐकायला बसलेले बरेच जण सुखवस्तू घरांतले होते आणि सगळ्यांना ते रुचलं नव्हतं.

हे ‘इतरांसाठी’ प्राथमिक शाळेत कसं उतरतं, ते मी माझ्याच एका चुकीतून शिकले.

ईस्टरच्या आधी 40 दिवसांचा उपवासकाळ असतो, लेंट. त्या काळात वर्गात पुठ्ठ्याची एक पेटी ठेवली जाते. चॉकलेट किंवा वडापाव न खाता वाचवलेले पैसे मुलं त्यात टाकतात आणि ते गरजूंना जातात. नोकरीचं माझं पहिलंच वर्ष होतं. मुलांना हुरूप यावा म्हणून मी फळ्याच्या कोपऱ्यात रांगवार आकडे लिहायला लागले. पहिली रांग 85 रुपये, दुसरी 110. मुलं चेकाळली. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका सिस्टर वर्गावर आल्या. वसईच्या होत्या, माझ्याशी नेहमी मराठीतच बोलायच्या. त्यांनी आकडे वाचले, डस्टर न शोधता तळहाताने पुसून टाकले, आणि दाराशी येऊन मला हळूच म्हणाल्या, "ज्याच्याकडे नाही, त्याचा आकडा कुठे लिहाल, टीचर?" त्यांच्या पांढऱ्या झग्याच्या बाहीला खडू लागला होता. तिसऱ्या रांगेत शेवटच्या बाकावर एक मुलगा होता. त्याचे वडील गोदीत रोजंदारीवर होते. तीन दिवस तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता, आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

1965 च्या त्या घोषणापत्रातच कॅथलिक शाळांना सांगितलंय की गरीब, घरच्या मायेला मुकलेली आणि ख्रिस्ती श्रद्धा नसलेली मुलं यांची विशेष काळजी घ्या. सिस्टरांनी मला पत्रकाचा हवाला दिला नाही. फळा पुसला, तेवढंच.

आता तो प्रश्न, जो जिन्यात आवाज खाली आणून विचारला जातो. धर्माचं काय? आमच्या मुलाला बाटवणार तर नाहीत?

यात दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात. एक धर्मशिक्षण, ज्याला शाळेत ‘कॅटेकिझम’ म्हणतात. ते कॅथलिक मुलांसाठी. साधारण तिसरीच्या सुमाराला मुलं पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत मिळणारी पवित्र भाकर, घेतात, त्याची तयारी, प्रार्थना, संस्कार हे सगळं त्यात येतं. त्या तासाला मुंबईच्या बहुतेक शाळांत वर्ग दोन भागांत बसतो आणि बाकीच्या मुलांना ‘मॉरल सायन्स’, आताच्या भाषेत मूल्यशिक्षण, असतं. दुसरी गोष्ट म्हणजे शाळेचं वातावरण. भिंतीवर क्रूस, आवारात येशूची आई मारिया हिचा पुतळा, सकाळची प्रार्थना, नाताळचा गोठा. हे सगळ्यांना दिसतं आणि ते लपवलेलं नसतं. ख्रिस्ती श्रद्धेतून चालणारी शाळा आहे, तर ती श्रद्धा दिसणारच.

पण दिसणं वेगळं आणि लादणं वेगळं. त्याच व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1965 मध्ये धर्मस्वातंत्र्यावर दुसरं घोषणापत्र काढलं, त्यात श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही जबरदस्ती करता येणार नाही असं स्पष्ट आहे. आपल्या संविधानाचं कलम 28(3) तेच कायद्याच्या भाषेत सांगतं: सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत, पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2024 साली आपल्या शाळांना ज्या सूचना दिल्या, त्यातही हेच आहे. इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका, सकाळच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका रोज म्हणा, सर्वधर्मीयांसाठी प्रार्थनेची एक खोली ठेवा. 22 वर्षांत मी एकाही मुलाला धर्म बदलायला सांगितलेलं पाहिलं नाही. ‘आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना पाठ झालेली शेकडो हिंदू, मुस्लिम, जैन मुलं मात्र पाहिली. त्यांचे आईबाप त्याने अस्वस्थ होणार असतील तर त्यांनी प्रवेशाआधीच शाळेशी मोकळेपणाने बोलावं. तो त्यांचा हक्क आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. संविधानाच्या कलम 30 मुळे अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. त्या आधारे 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. म्हणून त्या कायद्यातल्या, गरीब आणि वंचित मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांचा ऑनलाइन अर्ज भरताना कॅथलिक शाळांची नावं दिसत नाहीत. 2025 साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रकरण मोठ्या पीठाकडे जावं असं म्हटलं. कायदा काहीही होवो, ज्या शाळेच्या पायाच्या दगडावर गरिबाचं नाव आधी कोरलंय, तिने त्याच्यासाठी दार स्वतःहून उघडं ठेवलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. मुंबईतल्या कितीतरी जुन्या अनुदानित कॅथलिक शाळांनी कमी फीमध्ये ते वर्षानुवर्षं केलंय. काही शाळांनी मात्र ते सोडलं, आणि त्याचं मला दुःख आहे.

दुःख आणखी एका गोष्टीचं आहे आणि ते माझ्या विषयाचं आहे. आमच्या शाळेत व्हरांड्यात मराठी बोललं तर दंड होता. दुसरीतली एक चिमुरडी डबा घेऊन माझ्याकडे यायची, आजीने काय दिलंय ते दाखवायला. व्हरांड्यात असली की कुजबुजत सांगायची, वर्गात शिरलो की आवाज मोठा व्हायचा. घावनाला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. जी शाळा म्हणते की मुलाचे पहिले शिक्षक आईवडील, तिने त्या आईवडिलांच्या भाषेला दंड लावावा, हे तिच्याच तत्त्वाशी भांडण आहे. कॅथलिक आणि मराठी हे काही दूरचे नातेवाईक नव्हेत. फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने मराठीत सुमारे 11 हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं आणि ते 1616 साली छापलं गेलं. मुंबई-वसईचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे कॅथलिक, पिढ्यान्‌पिढ्या मराठीत बोलतात आणि प्रार्थना करतात. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी राज्यात सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा आला. पण मराठीला कायद्याने तासिका मिळते, व्हरांडा नाही. तो शाळेने द्यावा लागतो.

म्हणून फॉर्म आणायला जाल तेव्हा निकालाच्या टक्केवारीबरोबर आणखी काही विचारा. मागे पडलेल्या मुलासाठी काय करता? फी भरता आली नाही तर काय होतं? धर्मशिक्षणाच्या तासाला माझं मूल कुठे बसेल, आणि त्याला काय शिकवाल? मधल्या सुट्टीत ते कुठल्या भाषेत बोललं तर चालेल? उत्तरं देणारी व्यक्ती उभ्याउभ्या बोलते की तुम्हाला खुर्ची देते, तेही बघा. आणि जमलं तर सकाळच्या सत्राच्या मधल्या सुट्टीत जा. ऑफिसच्या खिडकीशी रांगेत उभं असताना मैदान दिसत असेल तर शिक्षक कुठे उभे आहेत ते पाहा, आणि एखादं मूल पडलं तर त्याच्याकडे आधी कोण धावतं, ते.